ते बारीक अक्षर दाबू नका, खाला

मिरजेहून खालाचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. नातवाच्या शाळेची फी भरायची उद्या शेवटची तारीख होती आणि मोबाईल काही केल्या शाळेची साइट उघडू देत नव्हता. “लाल त्रिकोण येतो आणि इंग्रजीत कायबाय लिहून येतं,” त्या म्हणाल्या. मी विचारलं, नक्की काय लिहिलंय ते अक्षर अक्षर वाचून दाखवा. त्यांनी चष्मा लावून वाचलं. अर्थ असा होता की तुमचं हे कनेक्शन खासगी नाही, कुणीतरी तुमची माहिती चोरण्याच्या प्रयत्नात असू शकतं.

“मग तुम्ही काय केलंत?”

“अजून काही नाही. पण गेल्या खेपेलाही असंच झालं होतं. शेजारच्या पोरानं दाखवलं, खाली ‘ॲडव्हान्स्ड’ असतं ते दाबायचं, मग बारीक अक्षरात एक ओळ येते, ती दाबली की साइट उघडते. तसंच केलं, कार्डाचा नंबर टाकला, फी भरली. काही झालं नाही.”

त्यांचं ते “काही झालं नाही” ऐकून मला झोप आली नाही. असल्या बाबतीत काही झालं तर ते त्याच क्षणी दिसतच नाही, हीच तर अडचण आहे. मी त्यांना म्हटलं, आज ती ओळ दाबू नका, सकाळी मी येते. त्या जरा नाराजच झाल्या. फी उशिरा भरली तर दंड बसतो, आणि दंड त्यांना बसणार होता, मला नव्हे.

ती बारीक ओळ नेमकी काय असते, ती दाबल्यावर आपण मोबाईलला काय सांगतो, हे आपल्या घरांत फारसं कुणाला ठाऊक नाही. मलाही ते बऱ्याच उशिरा कळलं.

आपल्याकडे मुलीला स्थळ आलं की काय होतं ते आठवा. मुलगा अमुक ठिकाणी नोकरीला आहे, घर स्वतःचं आहे, असं कागदावर लिहून आलं म्हणून कुणी मंगनी करून टाकत नाही. त्या गावात आपलं कोण आहे, याचा शोध सुरू होतो. मामूंच्या ओळखीचे एक डॉक्टर तिथे असतात. डॉक्टर सांगतात की घर चांगलं आहे. डॉक्टरांना आपण कधी पाहिलेलंही नसतं, पण मामू त्यांना ओळखतात, आणि मामूंवर आपला विश्वास असतो. मामूंची खात्री कोण देणार, असं मात्र कुणी विचारत नाही. चौकशीची साखळी कुठेतरी थांबवावीच लागते, आणि ती मामूंपाशी थांबते.

मोबाईल आणि कॉम्प्युटर अगदी हेच करतात. शाळेची, बँकेची, कुठलीही साइट उघडताना समोरचा सर्व्हर आधी आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यात साइटचं नाव असतं, मुदत असते, साइटची उघड किल्ली असते आणि ज्या संस्थेनं हे प्रमाणपत्र दिलं तिची सही असते. ही सही म्हणजे शाईची नव्हे. ती गणितानं केलेली असते. ज्याच्याकडे गुप्त किल्ली आहे तोच ती करू शकतो, पण ती खरी की खोटी हे कुणीही तपासू शकतं. मोबाईल ती सही तपासतो, मग सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर कुणाची सही आहे ते पाहतो, आणि असं वर वर जात शेवटी एका नावापाशी पोचतो ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचीच सही नसते. त्यानं स्वतःच स्वतःवर सही केलेली असते. यालाच रूट सर्टिफिकेट, म्हणजे मूळ प्रमाणपत्र म्हणतात. मोबाईलचे मामू!

मामूंची ही यादी मोबाईल विकत घेतानाच त्याच्या पोटात भरलेली असते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ‘ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स’ असा एक कोपरा आहे. एकदा उघडून बघा, काही बिघडत नाही. शंभराहून अधिक नावं दिसतील. अमेरिकेतल्या कंपन्या, युरोपातल्या, तैवानच्या, चीनच्या. यातल्या बहुतेकांचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं, आणि तरी आपल्या बँकेचा पासवर्ड रोज यांच्याच शब्दावर आपण टाकतो. ही यादी गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि फायरफॉक्स बनवणारी मोझिला, अशा मोजक्या मंडळींनी तयार केलेली असते.

बरेच जण म्हणतात, माहिती सांकेतिक होऊन जाते ना, मग झालं. तसं नाही. लिफाफा घट्ट चिकटवणं वेगळं आणि तो योग्य माणसाच्या हातात पडणं वेगळं. रेल्वे स्टेशनवरच्या फुकट वायफायवर कुणी मध्येच बसून “मीच तुमची बँक” म्हणालं आणि आपण त्यालाच चिकटवलेला लिफाफा दिला, तर तो आरामात उघडून वाचेल, पुन्हा चिकटवेल आणि खऱ्या बँकेकडे पाठवून देईल. आपले पैसे बरोबर जागी पोचतील, पावतीही येईल. खाला म्हणाल्या तसं, काही होणार नाही. फक्त मधल्या माणसाला सगळं ठाऊक झालेलं असेल.

नेदरलँड्समधले मामू

मामूच फसवले गेले तर? हे घडलेलं आहे, आणि त्याची किंमत हजारो मैलांवरच्या सामान्य माणसांनी मोजली.

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमच्या वायव्येला बेवरवाइक नावाचं एक गाव आहे. तिथे 1998 साली डिजिनोटार नावाची कंपनी निघाली. नावातच नोटार आहे. त्या देशात घराची खरेदी, मृत्युपत्र अशी कामं नोटरीसमोर होतात आणि नोटरीच्या शब्दाला मोठा मान असतो. तोच मान इंटरनेटवर आणायचा, ही कल्पना. डच सरकारच्या अनेक साइट्स याच कंपनीची प्रमाणपत्रं वापरत. जगभरातल्या ब्राउझरांच्या यादीत तिचं नाव होतं.

2011 च्या जूनमध्ये कुणीतरी या कंपनीच्या कॉम्प्युटरांत घुसलं. 10 जुलैला त्यानं तिथून गूगलच्या नावाचं प्रमाणपत्र काढून घेतलं. गूगलच्या सगळ्या उपपत्त्यांना, म्हणजे जीमेललाही चालणारं. त्याला गूगलचा पासवर्ड फोडावा लागला नाही, गूगलच्या इमारतीत शिरावं लागलं नाही. शंभरातल्या एका मामूकडून खोटी चिठ्ठी लिहून घेतली की पुरे होतं, कारण मोबाईल आणि कॉम्प्युटर सगळ्या मामूंवर सारखाच विश्वास ठेवतात.

कंपनीला घुसखोरी 19 जुलैला कळली. तिनं काही खोटी प्रमाणपत्रं रद्द केली, बाहेरचे तज्ज्ञ बोलावले, आणि गप्प बसली. ना ब्राउझर बनवणाऱ्यांना कळवलं, ना लोकांना. माझ्या मते खरा गुन्हा इथे झाला. चोरी कुणाच्याही घरी होऊ शकते. पण चोरीला गेलेली किल्ली गावातल्या प्रत्येक कुलपाला लागते हे माहीत असून जो शेजाऱ्यांना सांगत नाही, त्याला काय म्हणायचं? गूगलच्या नावाचं ते प्रमाणपत्र तर रद्द करायचंच राहून गेलं होतं.

ऑगस्टमध्ये इराणमधल्या लोकांचं जीमेल त्या खोट्या प्रमाणपत्राच्या आडून जाऊ लागलं. बहुतेकांच्या पडद्यावर लाल त्रिकोण आला नाही. कुलपाचं चिन्ह होतं, पत्ता बरोबर होता, प्रमाणपत्राची साखळी एका मान्यताप्राप्त मामूपर्यंत पोचत होती. नंतरच्या तपासात दिसलं की सुमारे तीन लाख वेगवेगळ्या इंटरनेट पत्त्यांवरून ते खोटं प्रमाणपत्र पाहिलं गेलं होतं आणि त्यातले 99 टक्क्यांहून अधिक इराणमधले होते. टपाल उघडून वाचलं गेलं की माणसाचं काय काय उघडं पडतं, हे सांगायला नको. कुणाशी बोलतो, कुणाला पैसे पाठवतो, घरातली भांडणं, आजारपणं. ज्या राजवटीत विरोध करणाऱ्याला तुरुंगात जावं लागतं, तिथे तर मित्रांची यादी उघडी पडणंही पुरेसं असतं.

हे उघडकीला आलं ते एका सामान्य माणसामुळे. 28 ऑगस्टच्या सुमारास इराणमधल्या एका जीमेल वापरणाऱ्यानं गूगलकडे विचारणा केली, की माझा क्रोम ब्राउझर जीमेल उघडताना प्रमाणपत्राबद्दल तक्रार का करतोय? झालं होतं असं की काहीच महिन्यांपूर्वी गूगलनं क्रोममध्ये एक जास्तीची तपासणी घातली होती: आमच्या स्वतःच्या साइट्सवर फक्त ठराविक संस्थांचीच सही चालेल, बाकी कुणाची दिसली तर हरकत घ्या. म्हणून क्रोम ओरडला. इतर ब्राउझर निमूट पुढे जात होते. त्या माणसानं बारीक अक्षरातली ओळ शोधत न बसता विचारलं, म्हणून जगाला कळलं. मला या सगळ्या गोष्टीत तोच माणूस सर्वांत जवळचा वाटतो.

मग सगळं भराभर घडलं. ब्राउझर कंपन्यांनी डिजिनोटारला यादीतून काढलं. नेदरलँड्सच्या गृहमंत्र्यांनी मध्यरात्रीनंतर पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की सरकारी साइट्सच्या सुरक्षिततेची आता हमी देता येत नाही. सरकारनं कंपनीचा कारभार हाती घेतला. फॉक्स-आयटी या तपास करणाऱ्या कंपनीच्या अहवालात खोट्या प्रमाणपत्रांचा आकडा 531 निघाला. तिथल्या सरकारी कामकाजाला या प्रमाणपत्रांचा इतका आधार होता की मायक्रोसॉफ्टनं त्या देशापुरतं आपलं दुरुस्तीचं अपडेट काही दिवस लांबवलं, नाहीतर कामंच ठप्प झाली असती. 20 सप्टेंबर 2011 ला डिजिनोटारचं दिवाळं वाजलं.

या प्रकरणातून एक चांगली गोष्ट निघाली. आता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सगळ्यांना पाहता येईल अशा जाहीर वहीत करावी लागते. 2018 च्या एप्रिलनंतर दिलेलं आणि वहीत नसलेलं प्रमाणपत्र क्रोम मानत नाही. आपल्या नावानं कुणी भलतंच प्रमाणपत्र काढलंय का, हे साइटचा मालक त्या वहीत पाहू शकतो.

“तपासणी बंद केली की चालतं”

माझी भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. खालाची गोष्ट तिला सांगितली तर ती हसली आणि म्हणाली, “मावशी, खालाजान एकट्या नाहीत. आमच्यातले शिकलेले लोकही तेच करतात.”

ब्राउझर निदान लाल त्रिकोण दाखवतो. पण आपल्या मोबाईलमधली ॲप्स, दुकानातल्या बिलाच्या मशीनमधला प्रोग्राम, दवाखान्यातून लॅबकडे जाणारा अहवाल, हे सगळे प्रोग्राम पडद्यामागे एकमेकांशी बोलतात. तिथे इशारा पाहायला माणूस नसतो. प्रमाणपत्र तपासायचं की नाही हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ठरवलेलं असतं. भाचीचा प्रोग्राम दुसऱ्या सर्व्हरशी जोडताना एकदा अडला. ‘स्थानिक यादीत देणारा सापडला नाही’ अशा अर्थाची चूक दाखवू लागला. काम त्याच संध्याकाळी द्यायचं होतं. शोधल्यावर पहिलाच उपाय मिळाला: एका ओळीत तपासणी बंद करा. तिनं केली. प्रोग्राम चालला.

दुसऱ्या दिवशी तिच्या वरिष्ठ बाईंनी ती ओळ पाहिली आणि तिला बाजूला बोलावून एवढंच विचारलं, “दाराचं कुलूप अडकत होतं म्हणून तू दारच काढून ठेवलंस का?” दुरुस्ती तशी लहानच होती. समोरच्या सर्व्हरनं साखळीतलं मधलं प्रमाणपत्र पाठवलंच नव्हतं, मामू आणि मुलाच्या मधले डॉक्टर गायब होते. ते बसवल्यावर तपासणी सुरू ठेवूनही सगळं चालू झालं. अशा वेळी कधी प्रोग्रामकडची मूळ प्रमाणपत्रांची यादीच जुनी असते, ती ताजी करायची. कंपनीच्या आतल्या कामासाठी स्वतःचं वेगळं मूळ प्रमाणपत्र असेल तर तेवढंच एक त्या प्रोग्रामच्या यादीत घालायचं. पण तपासणी बंद करायची नाही.

हे भाचीपुरतं नाही. 2012 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अँड्रॉइडची 13,500 फुकट ॲप्स तपासली. त्यातल्या 1,074 ॲप्समध्ये ही तपासणी कच्ची असावी असं आढळलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि टेक्सास विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पैसे देण्याघेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रमाणपत्र नीट तपासलं जात नव्हतं. काहींत सही तपासली जाई, पण प्रमाणपत्रावरचं नाव समोरच्या साइटचंच आहे का, हेच पाहायचं राहून गेलेलं. म्हणजे चिठ्ठी खरी, मामू खरे, पण चिठ्ठी दुसऱ्याच मुलाची!

नवा मामू घरात घेताना

याची उलटी बाजूही आहे. यादीत नवं नाव घालायला कुणी सांगितलं तर?

कझाकस्तानात 2019 च्या जुलैमध्ये मोबाईल कंपन्यांनी राजधानीतल्या ग्राहकांना संदेश पाठवले, की सरकारनं दिलेलं एक मूळ प्रमाणपत्र आपल्या फोनमध्ये बसवून घ्या. कारण सांगितलं गेलं सुरक्षेचं. पण यादीत तो एक मामू शिरला की त्याच्या सहीनं कुठल्याही साइटचं खोटं प्रमाणपत्र चालून जातं, आणि मध्ये बसून सगळं वाचता येतं. लोकांनी आरडाओरडा केला, सरकारनं काही आठवड्यांत तो प्रयोग थांबवला, आणि ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला व ॲपल यांनी ते प्रमाणपत्र आपल्या ब्राउझरांत बंदच करून टाकलं. 2020 च्या डिसेंबरमध्ये तिथे पुन्हा तसा प्रयत्न झाला आणि पुन्हा ते अडवलं गेलं.

आपला देशही यातून सुटलेला नाही. 2014 च्या जुलैमध्ये गूगलला आपल्या काही पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं सापडली. ती नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून निघाली होती, आणि त्या साखळीचं मूळ होतं भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकांचं प्रमाणपत्र, जे मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी मधली प्रमाणपत्रं रद्द केली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. डिजिनोटारसारखा महिनाभर गप्पपणा नव्हता. तरी क्रोमनं पुढे त्या मूळ प्रमाणपत्राची सही सरकारी, शैक्षणिक, रिझर्व्ह बँक अशा मोजक्याच पत्त्यांपुरती मान्य ठेवली.

म्हणून फोनवर कुणी, भले बँकेचा माणूस म्हणवून, ‘हे सर्टिफिकेट इन्स्टॉल करा’ म्हणालं तर सरळ फोन ठेवायचा. नोकरीच्या ठिकाणी ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये कंपनी स्वतःचं प्रमाणपत्र घालते ते वेगळं. तो लॅपटॉप कंपनीचा असतो, त्यावर घरची बँक उघडू नये एवढंच. अँड्रॉइडच्या 7 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2016 पासून, हातानं घातलेलं प्रमाणपत्र ॲप्स आपोआप मानत नाहीत. ब्राउझर मात्र मानतो.

आणि एक गैरसमज तेवढा काढून टाका. पत्त्याशेजारचं कुलूप म्हणजे दुकान प्रामाणिक, असं नव्हे. कुलूप एवढंच सांगतं की पत्त्यावर जे नाव लिहिलंय त्याच नावाच्या सर्व्हरशी तुम्ही बोलताय. ठगानं बँकेच्या नावात एक अक्षर फिरवून साइट काढली तर तिलाही कुलूप मिळतं, आणि फुकट मिळतं. लोक या कुलपाला भलताच अर्थ देतात हे पाहून क्रोमनं 2023 मध्ये ते चिन्हच काढून दुसरं ठेवलं.

सकाळी मिरजेला गेले. खालांचा मोबाईल हातात घेतल्यावर आधी तारीख पाहिली. बॅटरी पार उतरून मोबाईलची तारीख काही वर्षं मागे गेली की प्रत्येक प्रमाणपत्र त्याला अजून सुरू न झालेलं वाटतं आणि लाल त्रिकोणांची रांग लागते. निम्म्या वेळा रोग हाच असतो. पण तारीख बरोबर होती. माझ्या मोबाईलवर शाळेची साइट व्यवस्थित उघडत होती. मग त्यांच्या मोबाईलची आवृत्ती पाहिली. अँड्रॉइड 6. मुलानं कधीकाळी सौदीहून आणलेला, जिवापाड जपलेला, काचेवर एक ओरखडा नाही.

शाळेच्या साइटचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं होतं. 2015 पासून ही संस्था फुकट प्रमाणपत्रं देते, त्यामुळे लहान शाळा, दुकानं, दवाखाने सगळे तिच्याकडे गेले. तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र नवं, अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीच्या फोनांच्या यादीत ते नाहीच. इतकी वर्षं एका जुन्या मामूंनी तिच्यासाठी शब्द टाकला होता, म्हणून जुने फोन चालत होते. त्या शब्दाची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. खालांचा फोन खोटं बोलत नव्हता. त्याला समोरचा माणूस खरोखरच ओळखता येत नव्हता. पण म्हणूनच धोका मोठा. खरी शाळा आणि खोटी शाळा, दोन्हींना तो सारखाच लाल त्रिकोण दाखवणार, आणि खाला दोन्ही वेळा तीच बारीक ओळ दाबणार.

फी आम्ही रिक्षानं शाळेत जाऊन रोख भरली, दंड वाचला. येताना बँकेत थांबून त्यांचं जुनं कार्ड बंद करून नवं मागवलं. दहा दिवस थांबा म्हणाले. साइटचा पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला. जुना मोबाईल आता फक्त बोलायला आणि गजराला, पैशाचं काम सुनेच्या फोनवर, असं ठरलं. खालांना हे फारसं पटलेलं नाही. “इतका चांगला फोन,” त्या म्हणत होत्या आणि पदरानं काच पुसत होत्या.

मग एकदम काही आठवल्यासारखं करून उठल्या आणि चप्पल शोधू लागल्या. शेजारच्या पोरानं गल्लीत आणखी तीन घरी ती बारीक ओळ दाबायला शिकवलं होतं.